कोरडं लाकूड

शून्यावरून शंभरचा वेग चार सेकंदांत घेते, हे दिपेशने मला गाडीतून उतरायच्या आधीच सांगितलं. नुसती काच खाली करून. आमच्या दांडी गावच्या रस्त्यावर शंभर कुठे ठेवलाय ते त्यानेच दाखवावं. नाक्यापासून आमच्या दारापर्यंत तीन गतिरोधक आहेत, एक कायमचा खड्डा आहे आणि पुष्पलताकाकीच्या कोंबड्या आहेत. माझी व्हॅन तिथे पंधराच्या वेगाने येते. त्याची गाडीही पंधराच्याच वेगाने आली, फक्त आवाज जास्त करत आली.

दिपेश माझा धाकटा भाऊ. वसईला लोकांना फ्लॅट विकून देतो आणि स्वतःला बिल्डर म्हणवतो. त्या शनिवारी तो बाला न्यायला आला होता, कायमचा. "नवी गाडी आली की तुला माझ्याकडे नेतो," असं त्याने गेल्या होळीला कबूल केलं होतं, आणि आमचा बा, नवशा, एके काळचा तांडेल, होडीचा म्होरक्या, त्या दिवसापासून त्या गाडीचीच वाट बघत होता. बोंबील सुकवायच्या वलांड्यांपाशी बसलेल्या बायकांपासून देवळातल्या पुजाऱ्यापर्यंत सगळ्यांना सांगून झालं होतं. ट्रंक आठ दिवसांपूर्वीच भरली होती. रोज सकाळी तो ती उघडायचा, वरचा पांढरा सदरा बाहेर काढायचा आणि पुन्हा तशीच घडी घालून आत ठेवायचा.

बाने जाऊ नये असं मला वाटत होतं. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढे मी त्या गाडीबद्दल जे बोलणार आहे ते कुणाला नुसतं गाडीबद्दल वाटायचं. माझा नवरा आत्माराम वर्षातले आठ महिने वेरावळच्या बोटीवर असतो. मूलबाळ नाही. घरात मी आणि बा. त्याचं जेवण, डोळ्यांतले थेंब, गुडघ्याला शेक, सगळं मी करते, आणि म्हातारा ट्रंक भरून दारात बसतो. मला राग यायचा. अजून येतो.

माझी गाडी म्हणजे पांढरी व्हॅन, मालाची. पुढे दोन सीट, मागे काहीच नाही. मागच्या पत्र्यावर रबर अंथरलंय आणि त्यावर बावीस क्रेट राहतात, बर्फासकट. सकाळी किनाऱ्यावर होड्या लागल्या की माल घ्यायचा, दुपारपर्यंत निवडून-धुऊन बर्फात घालायचा, चारला निघायचं. अर्धा माल कुंभवलीच्या कामगारांच्या चाळींत जातो, उरलेला बोईसरच्या संध्याकाळच्या बाजारात. बाजूचं दार सरकतं. सरकलं नाही तर एक लाथ घालायची, मग सरकतं. एसी नाही, गाणी नाहीत. दिपेश तिला "तुझा टेम्पो" म्हणतो. मी दुरुस्त करत बसत नाही. ज्याने पाच वर्षांत आपल्या बापाच्या कुठल्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, उजव्या की डाव्या, हे लक्षात ठेवलं नाही, त्याच्या लक्षात व्हॅन काय राहणार.

लाथ त्याच्याही गाडीला लागते. मागच्या बंपरखाली पाय हलवला की डिक्की आपोआप उघडते, हे त्याने चार वेळा करून दाखवलं. पाचव्या वेळी मेहुलने ते मोबाइलवर घेतलं. मेहुल त्याचा शाळेतला दोस्त. ज्याच्याकडे काही नवीन असेल त्याच्या शेजारी जाऊन उभं राहायचं, एवढं एकच काम तो आयुष्यभर करत आलाय. डिक्कीत गालिचा होता, चांगला बोटभर जाड.

"ह्याच्यावर ठेवायचं काय?" मी विचारलं.

"गोल्फचा सेट बसतो, आडवा," दिपेश म्हणाला.

"तू खेळतोस?"

"बसतो म्हटलं, ताई."

मग आतलं दाखवलं. सीट पाठ रगडून देते. दार लावताना आपटायचे कष्टही नकोत, शेवटचं इंचभर ते स्वतःच ओढून घेतं. स्टेअरिंगवर एक बटण आहे, ते दाबलं की इंजिनाचा आवाज वाढतो. माझ्या गाडीचा आवाज वाढला की मी तिला गॅरेजला नेते. ह्याने तो वाढवून घेतलाय. किंमत मी विचारली नाही. ती त्याने आपण होऊन तीनदा सांगितली, तिसऱ्यांदा पलीकडच्या ओट्यावर ऐकू जाईल अशी. मी ती लक्षात ठेवली नाही आणि ठेवणारही नाही.

एवढं करून रंग काय, तर राखाडी, चमक नसलेला. मला वाटलं शेवटचा हात द्यायचा राहिलाय. "मॅट आहे, ताई. चमकणारा रंग कोणीही घेतं," दिपेश म्हणाला, आणि 'कोणीही' म्हणताना त्याने माझ्या व्हॅनकडे पाहिलं. आतल्या लाकडाचंही तेच. हो, आत लाकूड होतं. स्टेअरिंगच्या पुढे एक लांब फळी आणि चारही दारांना पट्ट्या, पण पॉलिश कशालाच नाही. लाकडाच्या रेषा उघड्या, हात फिरवला तर खरखरीत लागायचं. ह्याला म्हणे 'नॅचरल' म्हणतात. आमच्याकडे त्याला काम अर्धवट टाकून सुतार पळाला असं म्हणतात.

पांढरा सदरा घालून, केसांना पाणी लावून बा गाडीभोवती दोनदा फिरला. मग आत वाकून त्याने त्या फळीवर तळवा ठेवला, नखाने हलकेच दाबून बघितलं, आणि चेहरा एकदम काळजीचा झाला.

"कोरडं हाय," तो मला हळूच म्हणाला.

मी म्हटलं, "असू दे."

सामानाची वेळ आली तेव्हा त्या गाडीची खरी लायकी कळली. सामान ते केवढं? एक पत्र्याची ट्रंक, एक अंथरूण, आणि नातवंडांसाठी सुक्या बोंबलांची पिशवी. दिपेशने ट्रंककडे असं पाहिलं की मला वाटलं हा आता नाक धरणार.

"ट्रंक नको डिक्कीत. कडा लागतात. आणि बोंबील तर नकोच, वास बसतो. ताई, तू टाक ना तुझ्या गाडीत. मी बाबाला घेऊन पुढे होतो, तू बोईसरचं उरकून वसईला आणून दे."

"कितीची म्हनालास ताकद?"

"साडेपाचशे हॉर्सपॉवर."

"मंग त्यातल्या एका घोड्याच्या पाठीवर बाची ट्रंक ठेव की."

मेहुल हसला, मग दिपेशकडे बघून त्याने मोबाइलात तोंड घातलं. "तुला नाही कळायचं," दिपेश म्हणाला. मला सगळं कळत होतं. बोईसरहून वसईला जायचं, तेही मासे विकून झाल्यावर, परत यायचं, आणि हे सगळं त्याच्या गालिच्याला ओरखडा पडू नये म्हणून. तरी मी ट्रंक उचलली आणि क्रेटच्या शेजारी ठेवली. बा बघत होता, त्याच्यासमोर भांडण नको होतं. बोंबलांची पिशवी मी सीटखाली सरकवली.

मग दिपेशला मेहुलच्या घरी चहाला जायचं होतं. ती गल्ली माझ्या व्हॅनला पुरते, त्याच्या गाडीला पुरत नाही, म्हणून दोघं चालत गेले. गाडी चालूच ठेवली होती, एसीसाठी. बाला पुढच्या सीटवर बसवून दिपेश म्हणाला, "बस बाबा, थंड हवा खा. पंधरा मिनिटांत निघू." बा दोन्ही हात मांडीवर ठेवून बसला. इतका खूश मी त्याला आत्मारामशी माझं लग्न लागलं त्या दिवशीही बघितलं नव्हतं.

मी अंगणात बर्फ फोडत होते. पाच मिनिटांनी बघते तर बा गाडीतून उतरून घरात गेला आणि बाटली घेऊन बाहेर आला.

ती बाटली काय हे सांगायला हवं. मुशीच्या, म्हणजे लहान शार्कच्या, काळजाचं तेल. फायबरच्या बोटी आल्या तेव्हापासून ते कुणी काढत नाही, पण बा काढतो. माझ्या मालात मुशी आली की तो तिचं काळीज मागून घेतो, मंद चुलीवर ठेवतो आणि दोन दिवस घराला असा वास सुटतो की मांजरसुद्धा आत येत नाही. लाकडाची नवी होडी सुताराकडून यायची तेव्हा अगदी कोरडी असायची. पाण्यात घालायच्या आधी घरातल्या म्हाताऱ्याने तिला हे तेल पाजायचं, फळी फळी करून, आतून-बाहेरून, तीनदा. ब्रशने नाही, तळव्याने. नाहीतर ते लाकूड खारं पाणी पितं आणि दुसऱ्या वर्षी फाटतं. कपड्याला हे तेल लागलं तर कपडा फेकून देतात, पण होडी वीस वर्षं चालते.

बाने देवीचं नाव घेतलं, तळव्यावर तेल ओतलं आणि स्टेअरिंगपुढची फळी रगडायला घेतली.

मी त्याला थांबवायला हवं होतं. हाक मारायला एक क्षण पुरला असता. मला हसू आलं, हे पहिलं. इतके हजार लोक मिळून जी गाडी बनवतात तिचं लाकूड तहानलेलं राहिलंय, हे एका म्हाताऱ्याला एका नजरेत दिसलं आणि तो आपला ते निस्तरायला लागला. आणि दुसरं, हसू ओसरल्यावर मनात आलं की दिपेश आता भडकणार. भडकला तर बा जाणार नाही. हे मी तेव्हा इतक्या स्वच्छ शब्दांत मनाशी बोलले नाही, पण माझ्या हातातला दांडका थांबला नाही हे खरं. मी बर्फ फोडत राहिले आणि बघत राहिले.

फळी झाली, दारांच्या पट्ट्या झाल्या. मग त्याने सीटच्या चामड्यावर हात फिरवला, तेही त्याला कोरडंच वाटलं असणार, कारण त्यालाही पाजलं. शेवटी तो बाहेर येऊन बॉनेटपाशी उभा राहिला. त्या बिनचमकीच्या रंगाकडे बघून त्याने मान हलवली आणि उरलेली बाटली त्यावर उपडी केली. गोल गोल रगडून चांगलं जिरवलं. जिथे जिथे तेल लागलं तिथे तो खास रंग काळपट तुळतुळीत झाला. एसी चालू होता, दारं उघडी होती, आणि तो वास पार ओट्यापर्यंत येत होता.

दिपेश आला तेव्हा बा सदऱ्याच्या बाह्या वर करून, हात तेलाने निथळत, हसत उभा होता.

"तानेलं व्हतं रे," तो म्हणाला. "एवढी म्हाग गाडी आनी लाकडाला कुनी तेलसुदा नाय दावलं. आता दहा वर्सं बगायला नको."

दिपेशला आधी समजलंच नाही. मग वास लागला. त्याने दार उघडलं, आत डोकं घातलं, बाहेर काढलं. बॉनेटवर बोट फिरवलं.

"हे काय केलंस? हे... अरे मॅट आहे हे! डाग जात नाही ह्याचा! पुसलं तर आणखी पसरतं!"

"डाग नाय तो. जिरंल."

"अक्कल आहे का तुला? होडकं आहे का हे तुझं?"

सगळी आळी दारात आली. मेहुलने मोबाइल वर धरला होता; मी त्याच्याकडे पाहिलं, तसा खिशात घातला. बाचं हसू लगेच गेलं नाही, हे मला सगळ्यात लागलं. ते थोडा वेळ तसंच चेहऱ्यावर राहिलं, कारण चूक काय झाली ते त्याला कळत नव्हतं. त्याला वाटलं उशीर होतोय म्हणून पोरगा चिडलाय. म्हणून तो घाईने गाडीत बसायला गेला.

"हात नको लावू!" दिपेश ओरडला. "बसू नको आत! लांब हो!"

बा लांब झाला. दिपेशने कागदी रुमालांचा अख्खा डबा रिकामा केला, सीटवर प्लॅस्टिक अंथरलं आणि आपण त्यावर बसला. "मी ही सरळ ठाण्याला नेतो साफ करायला. तुझं नंतर बघू," एवढंच तो बापाला म्हणाला. चारही काचा खाली करून, तोंड बाहेर काढून तो गेला. साडेपाचशे घोडे खड्ड्यात एकदा आपटले, मग गतिरोधकाला एकदा पोट घासलं, आणि दिसेनासे झाले. मला आनंद व्हायला हवा होता, नाही का? बा राहिला होता. पण ज्याला कुणी नेलं नाही असा बा मला मिळाला होता, आणि त्यात माझा हात होता. आनंद काही झाला नाही.

बाने साबणाने हात धुतले, मग राखेने धुतले. वास गेला नाही. मग तो येऊन माझ्या व्हॅनमध्ये बसला.

"कुठं?" मी विचारलं.

"बोईसरला थांबल तो. रागाचा पारा उतरला का थांबल. ट्रंक तुज्यात हाय ना."

"थांबायचा नाय तो, बा."

"ट्रंकेबिगर मना कसा नेईल? थांबल. चल, उशीर करू नको."

अशा आशेचा मला तिटकारा आहे. लोकांना ती गोड वाटत असेल. मला ती भिकाऱ्याच्या वाटीसारखी दिसते, सतत पुढे केलेली. तरी मी गाडी चालू केली, कारण बर्फ कुणासाठी थांबत नाही आणि मला त्याला घरी एकटं सोडायचं नव्हतं.

कुंभवलीला नेहमीच्या चाळीपाशी थांबले. सुगंधा, नगरकडची, नवरा कारखान्यात आहे, तिने पापलेट निवडता निवडता पुढे वाकून पाहिलं. "आज बाबा नटूनथटून कुठं निघाले?"

"पोराकडं," बा म्हणाला. "तो फुडं गेलाय, मोठी गाडी घेऊन. सामान हिच्यात हाय."

"नशीबवान आहात," सुगंधा म्हणाली. बाने मान डोलावली. मी तिला सुट्टे देऊन दार ओढलं. ते सरकलं नाही, म्हणून लाथ घातली, नेहमीपेक्षा जोरात.

पुढच्या रस्त्याला कारखान्यांचा उग्र वास सुरू होतो. तो वास, माझ्या माशांचा वास आणि बाच्या हातांचा वास, सगळे मिळून आत बसले होते. मला ते विचारायचं नव्हतं, पण तोंडातून निघून गेलं.

"सात वर्सं झाली माज्या गाडीला. कधी बोटभर तेल लावलं नायस."

बाने इकडेतिकडे बघितलं. पत्रा, रबर, प्लॅस्टिक. "हिच्यात लाकूड कुठं हाय?"

मला हसू आलं आणि रागही आला. तो आपण होऊनच पुढे म्हणाला, "आनी हिला कशाला? ही काय, रोज येते. आवाज आला का मी चाय ठेवतो. तेल लावायचं ते होडी परत यावी म्हनून."

म्हणजे जी परत येईल की नाही याची धास्ती, तिला बाटलीभर. जी रोज येते तिला कपभर चहा, तोही बिनसाखरेचा, कारण साखर कुठल्या डब्यात असते ते सात वर्षांत त्याला सापडलेलं नाही. मी हे त्याला बोलून दाखवणार होते. त्याच्या मागोमाग हेही सांगणार होते की तेल लावताना मी तुला बघत होते आणि गप्प बसले. तोंड उघडलंही होतं. पण समोरच्या टँकरने ब्रेक मारला आणि ते बोलायचं राहून गेलं.

बोईसरला शिफ्ट सुटली होती. उड्डाणपुलाच्या अलीकडे टँकर, कंपन्यांच्या बस, रिक्षा, सायकली, सगळं एकमेकांत अडकलं होतं. रोजचंच आहे. एक मोटारसायकलवाला माझ्या आरशाला हात लावून म्हणाला, "दीदी, थोडा दबा के लो ना." मी गाडी किंचित उजवीकडे घेतली आणि तेव्हा मला ती दिसली. डावीकडच्या रांगेत, दहा-बारा हात पुढे, राखाडी. एका भंगाराच्या रिक्षामागे उभी होती. वाटेत कुठेतरी सीट पुसत थांबला असणार, नाहीतर एव्हाना पूल उतरून गेला असता. ड्रायव्हरची काच पूर्ण खाली होती आणि खिडकीवर कोपर टेकलेलं होतं, मनगटाला ते मोठं घड्याळ. चार तास आधी मी ह्याच हाताला पाण्याचा तांब्या दिला होता.

आमची रांग सरकायला लागली. दिपेश आरशात बघत होता. त्याला माझी व्हॅन दिसली, मग मी दिसले. आमची नजरानजर झाली, यात मला काडीचीही शंका नाही. कोपर आत गेलं आणि काच वर आली. काळी काच, आतलं काही दिसू नये अशी. माझी गाडी नेमकी तिच्या शेजारी येऊन थांबली.

बाच्या एका डोळ्यात मोतीबिंदू आहे, दुसरा ऑपरेशन केलेला. तो खिडकीतून बाहेर वाकला.

"दिप्याची हाय ना गं ही?"

मी काही बोलायच्या आधीच त्याने हात लांब करून काचेवर बोटं ठोकली. "दिप्या. ए दिप्या. ट्रंक आनली बग." थांबला. पुन्हा ठोकली. "हात धुतले हायेत मी."

काचेत माझी पांढरी व्हॅन दिसत होती आणि तिच्या खिडकीतला पांढरा सदरा दिसत होता. त्याच्यामागे हातभर अंतरावर माझा भाऊ बसला होता, समोर बघत. बर्फ फोडायचा दांडका माझ्या सीटमागेच होता. उतरून ती काच फोडावी असं मला इतकं वाटलं की हात दाराच्या कडीवर गेला. इतकी किळस मला आजवर कुठल्या सडलेल्या मालाचीही आली नव्हती. आणि त्या काचेमागे तो एकटाच नव्हता. दुपारी दांडका हातात घेऊन बघत बसलेली मीही होते. मग मी बाचं तोंड बघितलं. तो अजून काच उतरायची वाट बघत होता.

"बा," मी म्हटलं, "ती नाय ही. दुसरी हाय."

"सारकीच दिसते."

"असल्या सगळ्या सारक्याच दिसतात. बोईसरात ढिगानं हायेत, कारखान्याच्या शेठ लोकांच्या."

"मंग दिप्या?"

"तो कवाच पूल उतरून गेला असल."

बाने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा काचेकडे. माझ्यावर त्याचा विश्वास बसला. मी आजवर त्याच्याशी कधी खोटं बोलले नव्हते, मग बसणारच. त्याने घाईने हात मागे घेतला. बोटांचा ठसा काचेवर उठला होता, तो त्याने बाहीने पुसून काढला, नीट, कडेपर्यंत. मग दोन्ही हात जोडून तो त्या काळ्या काचेसमोर वाकला.

"माफ करा हां, शेठ," तो म्हणाला. "माजा पोरगा वाटला."

काच वरच राहिली. मागून हॉर्न वाजायला लागले होते, म्हणून मी गाडी पुढे घेतली.